जुनी एसयूव्ही, बजेट सात लाख: ब्रेझा, क्रेटा, डस्टर की गप्प बसू?

लालबागी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमची चाळ पडली, टॉवर झाला, गेल्या वर्षी ताबा मिळाला आणि त्याबरोबर घराण्यात पहिल्यांदाच हक्काचं पार्किंग. तेव्हापासून घरात तोच एक विषय. ऑफिसला मी करी रोडहून लोकलनेच जाणार, त्यात बदल नाही. गाडी हवी ती शनिवार-रविवारसाठी आणि वर्षातून पाच-सहा वेळा गावी जायला. गाव गुहागर तालुक्यात. शेवटचे चार किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात ओढा आणि उन्हाळ्यात ओढ्याची आठवण.

मुख्य कारण आई. गुडघे गेलेत. भावाच्या हॅचबॅकमधून उतरताना तिला दोन्ही हातांनी ओढून काढावं लागतं आणि ते तिला चारचौघांत आवडत नाही. म्हणून उंच गाडी. वाढीव जागेचा हप्ता चालू आहे, त्यामुळे नवीन नको. सात लाख, फार ताणलं तर साडेसात.

डोक्यात आहेत: ब्रेझा पेट्रोल २०२०-२१, क्रेटा १.६ पेट्रोल २०१६-१७, डस्टर २०१७, इकोस्पोर्ट २०१८. रनिंग वर्षाला सात हजारांच्या आत. यातली कुठली डोळे झाकून घेता येईल?

आगाऊ धन्यवाद.

उगाच_एक | ९ नोव्हेंबर, रात्री ११:५२

डोळे झाकून फक्त करी रोडला लोकलमध्ये चढता येतं, तेही मागचे ढकलतात म्हणून. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोकणकडा_७ | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

कोकणात जायचं आणि पेट्रोल? अहो, डिझेल घ्या. परशुराम घाटात चार माणसं, आंब्याच्या पेट्या आणि एसी चालू असताना डिझेल कसं ओढतं ते एकदा बघा.

हिशेबही करून देतो. वर्षाला ७००० किमी. पेट्रोल १४ चं ॲव्हरेज धरा, ५०० लिटर लागतं. डिझेल १९ धरा, ३७० च्या आत. मुंबईत पेट्रोल १०३ धरा, डिझेल ९०. वर्षाला अठरा हजार सरळ वाचले. पाच वर्षांचे नव्वद.

२०१६ ते २०२० ची ब्रेझा डिझेल बघा. ते १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, त्याला बदलत बसायचा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. देशातल्या कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक ते डोळे झाकून खोलतो. (तुमचं डोळे झाकून इथे चालेल.)

मुग्धा_पा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

मी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड ब्रेझा घेतली, पेट्रोल, ऑटोमॅटिक. पार्ले ते बीकेसी रोज. गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा, चारच गिअर, ॲव्हरेज शहरात रडवतं. पण वाकोल्याच्या पुलावर पाऊण तास अडकलं तरी तापत नाही, झटके देत नाही. माझ्या आधीच्या गाडीत (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद) दोन क्लचवाला ऑटोमॅटिक होता. तो मे महिन्यात घाटकोपर-अंधेरी लिंक रोडवर भर दुपारी 'गिअरबॉक्स गरम झालाय' म्हणून डॅशबोर्डवर दिवा लावून बसला. मागे रिक्षावाले, आणि मी बोनेट उघडून उभी. सिग्नल-सिग्नल चालवायची असेल तर मॅन्युअल नाहीतर आताच्या माझ्या गाडीसारखा साधा, टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, एवढंच सांगेन.

अजून एक. ब्रेझा पेट्रोलमध्ये आली फेब्रुवारी २०२० ला. त्याआधीची प्रत्येक ब्रेझा डिझेल. म्हणजे जाहिरातीत '२०१८ ब्रेझा पेट्रोल' दिसली तर एकतर लिहिणाऱ्याला कळत नाही किंवा कळतं आणि म्हणूनच लिहिलंय.

सुरक्षेचं कोणीच बोललं नाही. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत ब्रेझाला २०१८ साली चार तारे मिळाले. पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन, त्याच वर्षी डिसेंबरात. ती यादीत का नाही?

लालबागी | १० नोव्हेंबर, दुपारी १:३०

मुग्धाताई, कमाल आहे. काल रात्री अगदी तसलीच जाहिरात 'आवडत्या'त टाकून ठेवली होती. २०१८, पेट्रोल, 'लेडी डॉक्टर ओनर'. काढली.

नेक्सॉन शेजाऱ्यांची आहे, आईला बसवून बघतो.

वंगणतेल | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

भांडुपला तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो, म्हणून वेळ आहे.

कोकणकडा, तुमचे अठरा हजार मान्य. इंजिन दणकट, तेही मान्य. पण ही गाडी आठवड्याचे पाच दिवस उभी राहणार आहे. सहा-सात वर्षांच्या डिझेलला इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं की तुमची दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात गेली. रोज पन्नास किलोमीटर असते तर मीच डिझेल घ्या म्हणालो असतो. आणि एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल तर यांनी बघूच नये. तिच्या सायलेन्सरला काजळीची गाळणी असते, डीपीएफ म्हणतात. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून वीसेक मिनिटं हायवेवर सलग पळावी लागते. दादर-प्रभादेवी फेऱ्या मारणाऱ्याची गाळणी तुंबते आणि मग तो गॅरेजवाल्याला शिव्या देतो.

लालबागी, आता तुमचं. मॉडेल विचारलंत, सांगतो. इकोस्पोर्ट चालवायला चारांत सगळ्यात गोड. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. डस्टर २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. सर्व्हिस दोघांचीही मिळते. पण गावाकडे खालची आर्म किंवा एखादा सेन्सर गेला तर पार्ट यायला चार दिवस की चौदा, हे तुमच्या नशिबावर. ओळखीचा मेकॅनिक असेल तर जरूर घ्या, स्वस्तात छान गाडी मिळते. डस्टर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा, मालक आईची शपथ घेत असला तरी. पहिल्यांदाच गाडी घेताय, तर ब्रेझा नाहीतर क्रेटा, पेट्रोल, मॅन्युअल.

पण त्याआधी तीन गोष्टी करा. पार्किंग मोजा. आईला नेऊन बसवा. आणि 'कुठलं मॉडेल' हा प्रश्न आता सोडा, 'कुठली गाडी' हा धरा. एकाच महिन्यात, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या माझ्याकडे यायच्या. एक वरळी सीफेसला उघड्यावर उभी राहिलेली, एक नाशिकची. वरळीवालीचा सायलेन्सर हाताने चुरा व्हायचा.

देवगडचो | १० नोव्हेंबर, रात्री १०:४१

वंगणकाका बरोबर बोलतत. पयली आवशीक गाडयेत बसवन बघ. तिका चढाक-उतराक जमता काय ता बघ. लय उंच गाडी पण कामाची नाय, चढताना परत गुडघोच.

लालबागी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५५

मंडळी, गोंधळ झालाय.

वंगणकाकांनी सांगितलं म्हणून आज टेप घेऊन पार्किंगमध्ये गेलो. आमचं स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे लोखंडी पॅलेटवर गाडी चढवायची, ती वर किंवा खाली जाते. माझा पॅलेट तळाचा, खड्ड्यातला. त्याच्या खांबावर पाटी आहे, ती मी दीड वर्षात एकदाही वाचली नव्हती: कमाल उंची १५५० मिमी, वजन २००० किलो.

घरी येऊन उंची शोधल्या. ब्रेझा १६४०. क्रेटा १६३०. डस्टर १६९५. वजनात सगळ्या बसतात, उंचीत एकही नाही. सेक्रेटरींना विचारलं, तर म्हणाले, "एसयूव्हीवाल्यांना वरची लेव्हल, १८५० पर्यंत. ती वाटून झाली. तुम्ही गाडी नाही म्हणून लिहून दिलं होतं."

लिहून दिलं होतं खरं.

उगाच_एक | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०१

नव्वद मिलिमीटर! टपावरून रंधा मारा.

मुग्धा_पा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

हसू नका हो, आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये एकाने एक्सयूव्ही ५०० घेतली. लांबी ४५८५, रुंदी १८९०. पॅलेटवर चढली, पण आरसे मिटल्याशिवाय आणि दिक्कीकडून बाहेर आल्याशिवाय उतरता येईना. सहा महिन्यांत विकली.

लालबागी, वरच्या लेव्हलला सेडान किंवा छोटी गाडीवाला कोणी आहे का बघा. अदलाबदल होते. सोसायटीचं पत्र घ्या मात्र, तोंडी ठेवू नका.

कोकणकडा_७ | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३४

रच्याकने, इकोस्पोर्टवाल्यांसाठी: स्टेपनी मागच्या दारावर, आणि ते दार कपाटासारखं बाजूला उघडतं. मागे भिंत असेल तर दिक्की उघडायला गाडी पुढे घ्यावी लागते. स्टॅकमध्ये तर विसराच.

आणि पेट्रोलवाल्यांनो, इथेनॉलचं काय? आता पंपावर ई२० येतंय, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, एप्रिल २०२३ आधीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबराच्या नळ्या, ॲव्हरेज...

तांबडा_रस्सा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५०

आलं इथेनॉल! उसाचं शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले की शहरवाल्यांच्या

प्रशासक | १२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

इथेनॉलवर वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसादांचा. तिकडे जा. इथले अकरा प्रतिसाद उडवले आहेत.

सावकाश_जा | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

वर्षात सहा वेळा गावी जायला सात लाख? भाड्याने घ्या, ड्रायव्हरसकट. गणपतीत जास्त पडेल, पण विमा नाही, सर्व्हिस नाही, पॅलेट नाही.

लालबागी | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

हिशेबाने तुमचंच बरोबर आहे. पण आई म्हणते, गाडीवाला घड्याळ बघतो. तिला पेणला चहा, माणगावला पुन्हा चहा आणि कशेडीच्या बोगद्यात खिडकी उघडून गार हवा लागते.

लालबागी | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. दोन बातम्या.

पहिली चांगली. वरच्या लेव्हलला एक आजोबा आहेत, त्यांची गाडी सेडान. वर-खाली व्हायला मशीन वेळ लावतं म्हणून ते स्वतःच कंटाळले होते. सोसायटीच्या पत्रासह अदलाबदल ठरली.

दुसरी जरा लांब आहे. काल कांदिवलीला क्रेटा बघितली. २०१७, १.६ पेट्रोल, पांढरी, ४१ हजार किमी, सिंगल ओनर, सांगतोय ६.६०. एजंटने बिल्डिंगखाली आणून ठेवली होती. इतकी चकचकीत की आई म्हणाली, "ही नवीच आहे." खरं सांगतो, मी टोकनचे दहा हजार खिशात घेऊनच गेलो होतो.

दोन गोष्टी खटकल्या. सकाळी नऊला पोचलो तर बोनेट गरम. एजंट म्हणाला, धुवायला नेली होती. आणि आत वास. म्हणजे फ्रेशनरचा वास, पण तीन-तीन डब्या एसीच्या जाळीत खोचलेल्या. एवढं पुरेसं आहे का नाही म्हणायला? की मी उगाच संशयी?

पंचनामा | २३ नोव्हेंबर, रात्री ११:४८

टोकन देऊ नका. आधी हे वाचा.

मी विमा सर्व्हेअर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मी या धंद्यात नवखा होतो. पुढचे कित्येक महिने बुडालेल्या गाड्यांशिवाय काही पाहिलं नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तेच. अशी गाडी कुठे जाते माहीत आहे? दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगारभावाने उचलली जाते. उचलणारा तिला वाळवतो, धुतो, सीटकव्हर चढवतो. मग ती एखाद्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहते, फ्रेशनर लावून.

वास लपतो, गाळ लपत नाही. पुन्हा जा. पुढच्या सीटचा बेल्ट धरा आणि हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा, रीळ संपेपर्यंत. धुणारा माणूस दिसणारा पट्टा धुतो, आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात तसाच राहतो. तिथे पाण्याची रेघ दिसते, मातकट, चहाच्या कपाला पडते तशी. पट्टे कोरे करकरीत असतील तर तळाशी लेबलवरची तारीख वाचा. २०१७ च्या गाडीला नंतरच्या तारखेचा बेल्ट कशाला हवा?

मग सीट पूर्ण मागे सरकवून खालच्या रुळांवर टॉर्च मारा. तिथे गंज चढायला पाणीच लागतं. दिक्कीतली चटई उचला, स्टेपनीखालच्या खोलगट जागेत जॅक-पाना बघा. दाराच्या रबराची पट्टी बोटाने सोडवून आत वाळूचे कण आहेत का पाहा. मॅटखालच्या फेल्टवर तळहात दाबून धरा, दहा सेकंद. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं. पाण्यात सगळ्यात आधी तेच जातं आणि दिवा बंद करून ठेवणं हे दहा मिनिटांचं काम.

कागदावरची एक खूण. मागच्या वर्षाची पॉलिसी मागा आणि त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, किती टक्के आहे ते बघा. क्लेम न करणाऱ्याचा तो २०, २५, ३५, ४५ करत ५० पर्यंत चढतो. आठ वर्षांची सिंगल ओनर गाडी आणि बोनस शून्य किंवा २०, तर अलीकडे काहीतरी घडलंय. मधल्या काळात पॉलिसी तीन महिन्यांहून जास्त बंद राहिली असेल तरी बोनस शून्य होतो, म्हणून विचारा, लगेच आरोप करू नका. उत्तर देताना माणूस कुठे बघतो ते मात्र बघा.

वंगणतेल | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

पंचनामासाहेब, दंडवत. गरम बोनेटचं मी सांगतो. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते नंतर बोलत नाही. चेनचा खडखडाट, निळा धूर, टॅपेटचा आवाज, सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात. म्हणून विकणारा आधीच गरम करून ठेवतो. फोनवरच सांगायचं, मी आल्याशिवाय चावी लावू नका.

आणि ४१ हजारांवर भाळू नका. मुंबईत गाडी सरासरी ताशी वीसने चालली तर ४० हजार किमी म्हणजे इंजिन दोन हजार तास चालू. हायवेवर ताशी साठने दोन हजार तासांत एक लाख वीस हजार होतात. इंजिनाची झीज जवळपास सारखी, आणि क्लच मुंबईवालीचाच आधी जाणार. क्लच बघायची सोपी युक्ती: गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, तिसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. झटकन बंद पडली तर प्लेटमध्ये जीव आहे. इंजिन घरघरत राहिलं आणि गाडी बंद पडायला वेळ लावला, तर प्लेट गेलेली. एकदाच करा, दहादा करून मालकाला रडवू नका.

मुग्धा_पा | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर घ्या. स्टिअरिंगखाली खोचायचा, गाडीने नोंदवलेल्या एरर मोबाइलवर दिसतात. पण 'एकही एरर नाही' एवढ्यावर खूश होऊ नका. एरर पुसता येतात. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवतात, काही दिवस चालवल्यावर त्या पूर्ण होतात. सगळं हिरवं आणि तपासण्या अपूर्ण म्हणजे काल-परवा कोणीतरी पाटी कोरी केलीय. बॅटरी काढली तरी तसं होतं, आणि हेच कारण प्रत्येक एजंटच्या ओठावर तयार असतं.

लालबागी | २५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

गेलो होतो. मेहुण्याला घेऊन, टॉर्च घेऊन.

ड्रायव्हरचा बेल्ट ओढला. स्वच्छ. अजून ओढला. स्वच्छ. एजंट म्हणाला, "साहेब, बेल्ट तुटेल." शेवटची वीतभर राहिली होती, ती बाहेर आली आणि त्यावर आडवी रेघ. पंचनामासाहेब म्हणाले अगदी तशी. रेघेच्या खालचा भाग फिकट तपकिरी, बोट फिरवलं तर पीठ लागल्यासारखं वाटलं. मेहुण्याने काही न बोलता मागचा बेल्ट ओढला. तीच रेघ, त्याच उंचीवर.

एजंट दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "पाच-दहा कमी करून देतो."

उगाच_एक | २५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

पॉपकॉर्न खाली ठेवलं. पंचनामासाहेबांना माझ्याकडून कटिंग.

कोकणकडा_७ | २५ नोव्हेंबर, रात्री १०:००

मुंबईबाहेर बघा. पण दिल्लीची नको. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीच्या आदेशांची टांगती तलवार आली, २०१५ ला हरित लवादाने आणि २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दिलेले. म्हणून तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात. वर इथला रोड टॅक्स भरा, नवा नंबर घ्या, तिकडचा टॅक्स परत मिळवायला फेऱ्या मारा. स्वस्ताई तिथेच संपते. राज्यातल्या राज्यात नंबरही बदलत नाही आणि टॅक्सही नाही.

आणि हो, जानेवारी २०२५ ला आपल्या सरकारनेही मुंबई परिसरातली पेट्रोल-डिझेल वाहनं टप्प्याटप्प्याने काढता येतील का हे बघायला समिती नेमली. त्यामुळे डिझेलचा माझा आग्रह मी अर्धा मागे घेतो. अर्धाच.

वंगणतेल | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

नाशिक बघा. समुद्र नाही, मिठाची हवा नाही, सर्व्हिस रेकॉर्ड ठेवणारे निवृत्त लोक भरपूर.

लालबागी | ७ डिसेंबर, रात्री ११:२०

नाशिकच झालं.

काल सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडली. एमएच-१५, ब्रेझा व्हीएक्सआय पेट्रोल मॅन्युअल, नोंदणी डिसेंबर २०२०, ५८ हजार किमी. मालक बँकेतून निवृत्त. फोनवर "चावी लावू नका" म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, "लावली नाहीये, आणि गाडी पुसलेलीही नाहीये." खरंच नव्हती. टपावर बकुळीची वाळकी फुलं होती.

थंड इंजिन एका चावीत सुरू, धूर नाही. बेल्ट चारही ओढले. ते बघत होते, मी कारण सांगितलं तर त्यांनीच टॉर्च आणून दिली. डावं मागचं दार रंगवलेलं, ते मी ओळखायच्या आत त्यांनी सांगितलं: सोसायटीच्या फाटकाने घासलं होतं. बिलही काढून दाखवलं. बोनेटखालच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे नाहीत, म्हणजे पुढून ठोकलेली नाही. तिसऱ्या गिअरचा प्रयोग केला, पटकन बंद पडली. स्कॅनरवर तपासण्या पूर्ण.

टायरवर चार आकडे असतात ना, त्यात ४५२० होतं. पंचेचाळिसावा आठवडा, २०२० साल, म्हणजे कंपनीतूनच आलेले. नक्षी बरी दिसते, पण पाच वर्षं झालेली, कडेला बारीक भेगा. ते दाखवून ७.४० चे ७.१० झाले. त्यांनी टायरच्या भेगा स्वतःच्या नखाने तपासल्या, मग मान हलवली.

एकच अडचण. त्यांचं कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलंय, पण आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, आणि स्वतःचंच राहिलं म्हणून इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं.

पंचनामा | ८ डिसेंबर, सकाळी ८:१०

बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, माणूस कितीही सज्जन असला तरी. बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ते झाल्यावर गाडी नावावर करायला २९ आणि ३०. ऑनलाइन वाहन पोर्टलवर बोजा गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिथेच चलन थकलीत का तेही दिसेल. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज टाका. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जाणार, गाडीबरोबर येणार नाही, म्हणजे हप्ता त्यांच्यापेक्षा जास्त बसेल. आधीच सांगतोय, नंतर मला फोन नको. आणि फास्टॅग त्यांना बंद करायला लावा, नाहीतर तुमचा टोल त्यांच्या खात्यातून कापला जाईल आणि मैत्री संपेल.

लालबागी | २८ डिसेंबर, रात्री ११:५५

बोजा उतरायला पंधरा दिवस गेले. आज गाडी आणली. कसाऱ्याचा घाट उतरताना ऐंशीवर बीप वाजली तर मेहुणा दचकला. त्याला सांगितलं, जुलै २०१९ नंतर सगळ्या गाड्यांना ही बीप सक्तीची. मुलुंडच्या नाक्यावर सवयीने पाकीट काढलं, मग आठवलं की छोट्या गाड्यांना तिथे ऑक्टोबर २०२४ पासून टोलच नाही.

पावणेदहाला बिल्डिंगखाली. वॉचमनने बटण दाबलं, पॅलेट कुरकुरत खाली आला. पाटी वाचली: १८५०. तरी गाडी चढवताना मी खिडकीतून डोकं बाहेर काढून टपाकडे बघत होतो.

त्याआधी आईला खाली बोलावून बसवलं. सीट तिच्या कमरेच्या बरोबर उंचीवर येते, टेकून नुसतं वळायचं. कोणाचा हात न धरता बसली. मग दार लावून घेतलं, बेल्ट हातात घेतला आणि सावकाश, रीळ संपेपर्यंत, शेवटपर्यंत ओढून बघितला.

देवगडचो | २९ डिसेंबर, सकाळी ६:३०

आवशीक माझो नमस्कार सांग.